खाडीतल्या जिताड्यासाठी सॉफ्ट प्लास्टिक लूर गळावर चढवताना

कोकणातल्या खाड्यांमध्ये जिताडा आणि तांबोशी गरवण्यासाठी पूर्वापार जिवंत कोळंबी किंवा बोईचे पिल्लू वापरले जाते, आणि आजही त्याहून खात्रीचे आमिष नाही. गेली काही वर्षे मी मात्र त्याच पाण्यात, मुख्यतः रेवदंड्याच्या मागे आत शिरलेल्या कुंडलिकेच्या खाडीत, हलक्या रॉडवर सॉफ्ट प्लास्टिकचे लूर, म्हणजे मऊ प्लास्टिकची नकली आमिषे, वापरून गरवतो आहे. जिवंत कोळंबी गळावर कशीही लावली तरी ती आपली आपण हालचाल करते. प्लास्टिकच्या मासोळीला मात्र स्वतःची हालचाल नसते. तिची पोहण्याची चाल, बुडण्याचा वेग आणि पाण्यातला तोल हे सारे गळ, शिसे आणि गाठ यांच्याकडूनच तिला मिळते. त्यामुळे लूर गळावर चढवण्याची क्रिया, जी पाकिटावरच्या चित्रात दोन ओळींत संपते, तिलाच मी सर्वाधिक वेळ देतो, आणि ती मी कशी करतो हे येथे सविस्तर लिहीत आहे.

साहित्य थोडेच आहे. सात फुटी, साधारण ५ ते १५ ग्रॅम वजन फेकण्यासाठी बनवलेला स्पिनिंग रॉड, २५०० आकाराचे रील आणि त्यावर एक नंबरची पीई, म्हणजे जेमतेम ०.१६५ मिलिमीटर जाडीची ब्रेडेड लाइन. इतकी बारीक लाइन घेण्यामागे हौस नसून गरज आहे. सात ग्रॅमचा लूर जाड तंगुसावर लांब जात नाही. शिवाय जाड दोरीला प्रवाहाचा रेटा अधिक बसतो आणि तिच्याबरोबर लूरही तळापासून वर उचलला जातो. बारीक लाइन पाणी कापत जाते, म्हणून कमी वजनात तळ गाठता येतो, आणि वजन जितके कमी तितका लूर सावकाश व नैसर्गिकपणे खाली बसतो. हलक्या साहित्याचे खरे मोल मला याच बाबतीत वाटते.

लूर निवडताना मी तीन ते चार इंची, शेपटाला चपटी टाच असलेले पॅडल टेल वापरतो, कारण अगदी मंद ओढीतही ती टाच पाणी ढकलत राहते आणि गढूळ खाडीत माशाला ती थरथर जाणवते. क्वचित कोळंबीच्या आकाराचे लूरही घेतो. रंगाविषयी गरवणाऱ्यांमध्ये पुष्कळ चर्चा होते. माझ्या मते गढूळ पाण्यात एक गडद आणि एक फिकट असे दोन रंग जवळ असले की पुरे, आणि रंगावर खर्च होणारा विचार वजनावर खर्च करावा.

वजन ठरते ते पाण्यावरून. खाडीवर जाण्याआधी मी तिथी पाहतो. किनाऱ्यावरच्या लोकांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाण्याची चढउतार मोठी असते आणि त्यामुळे ओढही जोराची. अष्टमीच्या आसपास भांग असते आणि पाणी मवाळ वाहते. एकाच ओहोटीतही वेग सारखा राहत नाही. पहिल्या तासात पाणी जेमतेम हलते, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून जवळजवळ अर्धे पाणी उतरते, आणि शेवटी पुन्हा ते मंदावते. म्हणून एका बैठकीसाठी एकच जिगहेड, म्हणजे शिशाचे डोके असलेला गळ, बांधून निघणे मला पटत नाही. पाच, सात, दहा आणि चौदा ग्रॅम अशी चार वजने, सर्व सारख्याच मापाच्या गळाची, मी जवळ ठेवतो. ओहोटीच्या आरंभी पाच ग्रॅम, मग सात, मधल्या दोन तासांत दहा, आणि मुख्य धारेत खोल जागी क्वचित चौदा, असा माझा क्रम असतो.

योग्य वजन झाले की नाही याची परीक्षा हाताला कळते. प्रवाहाच्या वरच्या अंगाला, तिरका लूर फेकावा, लाइन सैल सोडून तो तळाला टेकू द्यावा, आणि मग रॉडचे टोक हळूच उचलून पुन्हा खाली आणावे. लूर टेकला, प्रवाहाने थोडा पुढे नेला, पुन्हा टेकला, अशी लय लाइनवर ठेवलेल्या तर्जनीला जाणवली तर वजन बरोबर आहे. तो तळ गाठतच नसेल तर वजन कमी पडते आहे. आणि एका जागी चिखलात रुतून बसत असेल तर जास्त झाले आहे. रुतलेल्या लूरकडे जिताडा ढुंकूनही पाहत नाही, आणि वरून तरंगत जाणारा लूर तळाशी दबा धरून बसलेल्या माशाच्या टापूतच येत नाही.

आता प्रत्यक्ष चढवणे. प्रथम गळाचे माप. साडेतीन इंची पॅडल टेलला मी ३/० आकाराचा गळ घेतो. गळाची दांडी लूरच्या अंगात साधारण निम्म्यापर्यंत यावी आणि त्यापुढचा शेपटाकडचा भाग मोकळा राहावा, असे मी पाहतो. गळ लांब झाला तर शेपूट आखडते आणि टाच नुसतीच फरफटत येते; आखूड झाला तर मासा शेपूट तोडून नेतो. लूरच्या पाठीवर उभा राहणारा गळाचा बाक आणि लूरचे अंग यांत पुरेसे अंतर हवे, नाहीतर माशाच्या जबड्यात टोक रुतायला जागाच उरत नाही.

माप ठरले की जिगहेड लूरच्या बाजूला धरून पाहतो. शिशाच्या डोक्यामागे जिथे पन्हाळीसारखा गळपट्टा संपतो, तिथे लूरचे नाक लावायचे, आणि गळाचा बाक लूरच्या अंगावर ज्या ठिकाणी येतो तिथे पाठीवर नखाने खूण करायची. बहुतेक साच्यात ओतलेल्या लूरच्या पाठीवर आणि पोटावर साच्याच्या जोडाची एक बारीक रेघ असते. ती रेघ मला फार उपयोगी वाटते, कारण खूण त्या रेघेवरच करता येते आणि बाहेर पडणारे टोक मधोमध आले की डावीउजवीकडे गेले हे लगेच दिसते.

मग गळाचे टोक नाकाच्या अगदी मध्यावर टोचायचे. येथे कोणता हात स्थिर ठेवायचा हे महत्त्वाचे आहे. मी गळ स्थिर धरतो आणि लूर त्याच्यावर थोडाथोडा सरकवतो. गळ लूरमध्ये ढकलत गेलो तर टोक स्वतःच्या वाकाने लवकर पाठीबाहेर येऊ पाहते. आधी काही अंतर टोक सरळ, अंगाच्या मध्यातून जाऊ द्यायचे, आणि खुणेच्या जवळ आले की लूरला किंचित वाकवून ते वर काढायचे. टोक खुणेवर बाहेर आले की उरलेले अंग बाकावरून ओढून घ्यायचे आणि नाक गळपट्ट्यावर घट्ट बसवायचे. हे करताना लूरचे नाक पिळले जाता कामा नये, कारण पीळ आत राहिला तर तो पाण्यात बाहेर येतो.

चढवलेला लूर डोळ्यांसमोर धरून तीन बाजूंनी पाहावा. वरून पाहताना डोके, रेघ आणि शेपूट एका ओळीत असावे. बाजूने पाहताना पाठीवर कुबड आले असेल तर गळाचे टोक गरजेपेक्षा मागे बाहेर पडले आहे आणि अंग दबून गोळा झाले आहे. लूर ताणलेला दिसत असेल किंवा नाक डोक्यापर्यंत पोहोचत नसेल तर टोक फार पुढे निघाले आहे. समोरून पाहताना शेपटाची टाच आडवी दिसावी. यांतला कोणताही दोष डोळ्याला किरकोळ वाटतो, परंतु ओढीत असा लूर एका कुशीवर कलतो किंवा सरळ गरगर फिरू लागतो, आणि त्या फिरण्याने बारीक ब्रेडेड लाइनला पीळ बसून पुढच्या काही फेकींतच रीलमधून गुंत्यांचे पुंजके बाहेर पडू लागतात.

दोष दिसला तर लूर काढून पुन्हा त्याच भोकातून गळ घालण्यात अर्थ नसतो, कारण टोक जुन्या वाटेनेच जाते. नाकाचा तीन-चार मिलिमीटर भाग धारदार पात्याने सरळ कापून टाकावा आणि नव्या पृष्ठभागाच्या मध्यावर पुन्हा सुरुवात करावी. पाकिटात दबून शेपूट वाकडे झाले असेल तर गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून, सरळ करून, थंड पाण्यात टाकले की ते पूर्ववत होते; हे काम मी आदल्या संध्याकाळी घरीच करतो. लूर व्यवस्थित बसला की गळपट्ट्यावर सुपर ग्लूचा एक थेंब लावून नाक दाबून धरतो. खाडीत शिंगाळा, काळुंदर अशा माशांच्या बारीक टोचण्या सतत चालू असतात आणि न चिकटवलेला लूर त्यांनी खाली ओढला की पुढची सगळी फेक वाया जाते.

मग होडीच्या कडेला किंवा पुलाखालच्या पायरीशी लूर पाण्यात धरून हातभर अंतर ओढून पाहायचा. पोट खाली, पाठ वर आणि टाच डावीउजवीकडे सारख्या अंतराने हलते आहे असे दिसले तरच तो फेकायचा. मला ज्या ज्येष्ठ कोळी काकांनी खाडीतल्या जागा दाखवल्या, ते स्वतः कधी प्लास्टिक वापरत नाहीत. तरी होडीत बसल्यावर माझा लूर पाण्यात सरळ चालतो की नाही हे ते आधी पाहतात आणि मगच वल्हे हातात घेतात.

हे सारे उघड्या पाण्यासाठी झाले. पण ओहोटीला जिताडा उघड्यावर क्वचितच असतो. कांदळवनातून पाणी उतरू लागले की त्याच्याबरोबर कोळंबी आणि लहान मासळी बाहेर पडते, आणि लहान ओहळ जिथे मुख्य खाडीला मिळतो त्या तोंडाशी, तिवरांच्या आणि चिपीच्या मुळांच्या आडोशाने, जिताडा तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. तिथे उघड्या टोकाचा जिगहेड टाकला तर तो माशाआधी मुळात अडकतो. अशा जागी मी टेक्सस रिग बांधतो, ज्यात गळाचे टोक लूरच्या अंगातच लपलेले असते.

प्लास्टिकच्या लूरचा इतिहासच या अडचणीशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ॲक्रन येथे निक क्रीम यांनी १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचा गांडूळ तयार केला. पुढे त्यांचा व्यवसाय टेक्ससमधल्या टायलर येथे गेला. त्या भागातल्या धरणांच्या जलाशयांत बुडालेली झाडे उभी होती आणि त्यांच्या फांद्यांतून बास मासा काढायचा तर गळाचे टोक झाकणे भाग होते. त्यातून ही बांधणी रुळली आणि त्या राज्याचेच नाव तिला मिळाले. बुडालेली झाडे आणि तिवरांची मुळे यांत गळाच्या दृष्टीने फारसा फरक नसल्यामुळे ती आपल्या खाडीलाही चपखल बसते.

या बांधणीला नेढ्याजवळ पायरीसारखा दुहेरी वाक असलेला ऑफसेट गळ लागतो. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे, मधून आरपार छिद्र असलेले शिसे आधी लीडरमध्ये, म्हणजे लाइनच्या पुढे जोडलेल्या जाड दोरीच्या तुकड्यात, ओवून मग गळ बांधायचा. गळाचे टोक नाकाच्या मध्यातून सुमारे पाच-सहा मिलिमीटर आत घालून पोटाकडून बाहेर काढायचे, लूर दांडीवरून वर सरकवून नाक त्या पायरीवर बसवायचे आणि गळ अर्धा फिरवायचा, म्हणजे टोक लूरकडे वळते. आता लूर सरळ लोंबकळू द्यायचा, बाक त्याच्या पोटावर कोठे येतो ते पाहायचे, आणि नेमक्या त्या जागेतून टोक वर नेऊन पाठीबाहेर काढायचे. शेवटी लूरची पाठ किंचित पुढे ढकलून टोक तिच्या कातडीखाली जेमतेम लपेल एवढेच टोचायचे. बोट फिरवले तर टोक लागू नये आणि चिमटीत लूर दाबला तर ते लगेच बाहेर यावे, अशी ती स्थिती हवी.

हलक्या साहित्यावर ही बांधणी वापरताना एक अडचण येते. टोक बाहेर काढण्यासाठी जोराचा हिसका लागतो, आणि मऊ टोकाचा रॉड तो हिसका स्वतःच पिऊन टाकतो. तिच्यावर तीन उपाय मला लागू पडले आहेत. जाड तारेऐवजी मध्यम तारेचा, अतिशय तीक्ष्ण गळ घ्यावा, कारण त्याला कमी जोर पुरतो. लूर असा निवडावा की ज्याच्या पोटात लांब चीर आणि पाठीवर खाच असेल, म्हणजे टोकाला फार प्लास्टिक कापावे लागत नाही. आणि मासा लागल्याची जाणीव होताच लगेच हिसका देण्याऐवजी लाइन ताठ होईपर्यंत रील फिरवून मग रॉड एका बाजूला ओढावा. कोळंबीसारख्या बारीक लूरला तर मी गोळीचे शिसे लावतच नाही. दांडीवरच वजन ओतलेला गळ घेतो, त्याने लूर पोट खाली ठेवून आडवा बुडतो. टंगस्टनची वजने शिशापेक्षा घन असल्याने आकाराने लहान असतात आणि तळ अधिक स्पष्ट कळवतात, पण मुळांत ती गमावणे फार महाग पडते.

लीडरविषयी तडजोड करू नये. जिताड्याचे दात खरखरीत कागदासारखे असतात आणि कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते. तांबोशीला सुळे असतात आणि गळ लागताच ती मुळांकडे धावते. म्हणून ब्रेडेड लाइनपुढे दोन-अडीच फूट, तीस पौंडी, सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा फ्लुरोकार्बन लीडर असतो. बारीक आणि जाड अशा दोन दोऱ्यांची ही जोडणी मी एफजी गाठीने करतो. लीडर ताठ धरून त्याच्यावर ब्रेडेड लाइनचे आळीपाळीने वरून आणि खालून असे वीसेक वेढे चढवायचे, दोनतीन साध्या अर्ध्या गाठींनी ते धरायचे, ओलसर करून सावकाश पण पूर्ण ताकदीने ओढायचे. वेढे लीडरमध्ये रुतले की ब्रेडेड लाइनचा रंग गडद झालेला दिसतो. तसा तो दिसला नाही तर गाठ सोडून पुन्हा बांधावी. ही गाठ इतकी सडपातळ होते की रॉडच्या कड्यांतून ती अडथळ्याविना निघून जाते.

जिगहेडला मात्र गाठ आवळून बांधू नये. नेढ्याशी लहानसा फास मोकळा राहील अशी गाठ बांधली तर लूर त्या फासात स्वतंत्रपणे डोलतो. याचे कारण जिताड्याच्या खाण्याच्या रीतीत आहे. तो भक्ष्याला चावत नाही. जबडा एकाएकी उघडून पाण्यासकट ते आत ओढून घेतो, आणि त्या वेळी खाडीवर जो मोठा फटका ऐकू येतो तो त्या पाण्याचाच असतो. ताठ लीडरला जखडलेला, जड लूर त्या ओढीबरोबर आत जाऊ शकत नाही. त्यामुळे हलके वजन, मोकळा फास आणि किंचित सैल लाइन या तीन गोष्टी मिळूनच बांधणी पूर्ण होते. बहुतेक वेळा जिताडा लूर खाली बसत असतानाच घेतो. बोटाला एक ठोका जाणवतो किंवा पाण्यावरची लाइन बाजूला सरकते, आणि त्या क्षणी लाइन फार सैल असेल तर तो ठोका कळतच नाही.

मासा किनाऱ्याशी आला की गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकलेला असल्याचा लाभ होतो, कारण गळ चटकन सुटतो. जिताडा आयुष्याच्या पूर्वार्धात नर असतो आणि पुढे, साधारणतः ऐंशी सेंटिमीटरच्या पुढे वाढल्यावर, मादी होतो. म्हणजे खाडीतले सर्वांत मोठे जिताडे हेच अंडी देणारे असतात. मोठा मासा मी आडवा, दोन्ही हातांनी आधार देऊन धरतो आणि पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून तो स्वतः जोर करेपर्यंत थांबतो. जबड्याला धरून उभा टांगलेला जिताडा छायाचित्रात मोठा दिसतो, पण त्या वजनाने त्याच्या जबड्याला आणि मणक्याला इजा होते, हे प्रत्येक गरवणाऱ्याने लक्षात ठेवावे असे मला कळकळीने वाटते. प्रत्येक माशानंतर लीडरवरून दोन बोटे फिरवतो. खरखर लागली तर तेवढा भाग कापून फास नव्याने बांधतो.

फाटलेले लूर खाडीत टाकायचे नाहीत. हे प्लास्टिक कुजत नाही, आणि पोटात गेले तर माशाला ते पचवताही येत नाही. त्यामुळे खिशात एक रिकामे पाकीट ठेवून प्रत्येक तुकडा त्यात परत आणतो. घरी आल्यावर जिगहेड, गळ आणि रील गोड्या पाण्याने धुऊन वाळवतो, कारण खाऱ्या पाण्यात भिजलेला गळ तसाच डबीत ठेवला तर त्याचे टोक गंजून बोथट होते. उरलेले लूर मूळ पाकिटात, शेपूट सरळ राहील असे ठेवतो. नेहमीचे पीव्हीसीचे लूर आणि रबरासारखे खूप ताणले जाणारे इलॅस्टोमरचे लूर एका डबीत कधीच ठेवू नयेत. एकाला मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य दुसऱ्यावर असे काही परिणाम करते की दोन्ही वितळून चिकट लगदा होतो. साध्या कडक प्लास्टिकच्या काही डब्यांचा तळही त्या द्रव्याने विरघळतो, म्हणून डबी घेताना ती सॉफ्ट प्लास्टिकसाठीच बनवली आहे याची खातरजमा करून घ्यावी.